तकोव्याच्या अदायाची टोपली

उन्हाळा चढला की अदाया रोज सकाळी उठून आधी अंजिराच्या झाडाखाली जायचा. पानं बाजूला सारून एकेक फळ बोटांनी चाचपायचा. ज्या फळावर पहिल्यांदा जांभळी झाक दिसेल, त्याच्या देठाला लव्हाळ्याची बारीक दोरी बांधायची आणि म्हणायचं, हे देवाचं. एकदा दोरी बांधली की ते फळ आपलं उरत नाही. ते पिकेल, तोडलं जाईल, टोपलीत बसेल आणि यरुशलेमच्या मंदिरात वेदीपुढे जाईल.

तकोवा या त्याच्या डोंगराळ गावात ज्याची जमीन आहे तो प्रत्येकजण हे करायचा. बाकीचे जाता जाता दोरी बांधून कामाला लागायचे. अदाया मात्र दोरी बांधल्यावर दुपारी पुन्हा बघायला जायचा, आणि संध्याकाळी पुन्हा.

"अंजीर आहे ते, बाळंतपणाला आलेली लेक नव्हे," त्याची बायको तिर्सा ओसरीतून म्हणायची. "किती वेळा बघाल?"

"पाखरं टोचतात."

"पाखरं इतर घरच्या झाडांना नाही टोचत वाटतं."

अदाया हसून विषय सोडून द्यायचा. ज्या माणसाचं बालपण झाड नसलेल्या मुलखात गेलं, त्याला स्वतःच्या झाडाकडे बघून काय वाटतं हे तिला सांगायची गरज नव्हती. तिला ते ठाऊक होतं. तिला फक्त बोलायला आवडायचं.

तो जन्मला वाळवंटात, नबाती लोकांच्या तंबूत. तेव्हा त्याचं नाव घानिमू होतं. बाप उंटांच्या तांड्याचा पुढारी. दक्षिणेकडून ऊद घेऊन यायचं, पाणी कुठे आहे ते लक्षात ठेवायचं, वाटेतल्या चोरांना हुलकावणी द्यायची आणि तो माल यरुशलेमच्या मंदिराला विकायचा, हा त्यांचा धंदा. वेदीजवळ रोज सकाळ-संध्याकाळ धूप जळायचा, आणि तो यांच्याच उंटांवरून आलेला असायचा.

मंदिराच्या मोठ्या अंगणापर्यंत कुणालाही जाता यायचं. त्यापुढे एक कमरेएवढी दगडी भिंत होती. परक्या जातीच्या माणसाने ही भिंत ओलांडली तर मरणाची जबाबदारी त्याची त्याच्यावर, असं तिच्यावर कोरलेलं होतं. घानिमूला अक्षरं येत नव्हती, पण बापाने त्याला ती भिंत दाखवून मानेवरून हात फिरवून दाखवला होता. तेवढं पुरलं.

विशीत असताना एकदा माल मोजून घेणाऱ्या लेव्याला, म्हणजे मंदिराच्या सेवकाला, त्याने सहज विचारलं, "आमचा ऊद कुठल्या देवासमोर जाळता? दिसायला कसा आहे?"

लेवी ऊद चाळत होता. मान वर न करता म्हणाला, "दिसायला नाही. सगळ्यात आतल्या खोलीत काही नाहीये."

"काही नाही म्हणजे?"

"काही नाही म्हणजे काही नाही. रिकामी खोली. वर्षातून एकदा मुख्य याजक जातो, बाहेर येतो. बाजूला हो, उजेड अडवू नकोस."

घानिमूने हे तांड्यातल्या लोकांना सांगितलं तेव्हा सगळे पोट धरून हसले. त्यांचे देव चौकोनी उभ्या दगडात राहायचे. दगडाला रक्त लावता यायचं, हात लावता यायचा, रागाच्या भरात शिव्याही देता यायच्या. रिकाम्या खोलीसमोर वाळवंटातला सगळ्यात महाग माल जाळणारे लोक म्हणजे वेडे, असं त्याच्या बापाचं मत पडलं. "पण पैसे रोख देतात," तो म्हणाला, "त्यामुळे आपण काही बोलायचं नाही."

हसून झालं, पण ती खोली घानिमूच्या डोक्यातून जाईना. रात्री उंटांना बसवताना, विहिरीतून पाणी शेंदताना तिचा विचार यायचा. ज्याला ठेवायला जागा लागत नाही, त्याच्यासाठी एवढं घर कशाला? आणि घर बांधलंच, तर ते रिकामं ठेवायची हिंमत या लोकांना कुठून आली? हळूहळू त्याला वाटायला लागलं की ती खोली रिकामी नाही. ती राखून ठेवलेली आहे. तांड्यात दूर गेलेल्या माणसाची जागा तंबूत राखून ठेवतात तशी, फक्त उलट. इथे माणसं वाट बघत होती, आणि ज्याची वाट बघत होती तो आधीच आलेला होता.

पुढच्या एका फेरीत त्याला ताप भरला. तांडा थांबू शकत नव्हता. तकोव्याच्या वेशीवर अबीशूर नावाच्या शेतकऱ्याच्या दारात त्याला ठेवून बाप पुढे गेला. परतीच्या वाटेवर न्यायला आला, तेव्हा पोरगा बरा होऊन अबीशूरच्या बैलांमागे चालत होता, आणि म्हणाला, मी येत नाही.

बाप तिथे किती वेळ उभा होता, काय बोलला, हे अदायाने पुढे कधी कुणाला सांगितलं नाही.

तो तिथेच राहिला. भाषा शिकला, सातव्या दिवशी हात थांबवायला शिकला. काही वर्षांनी त्या लोकांच्या धर्मात येण्यासाठी त्याची सुंता झाली, कुंडात बुडी मारून तो वर आला, मंदिरात पारव्यांची जोडी अर्पण केली आणि ती कमरेएवढी भिंत त्याने पहिल्यांदा ओलांडली. त्या दिवशी त्याचं नाव अदाया झालं. अबीशूरची मुलगी तिर्सा हिच्याशी त्याचं लग्न लागलं. डोंगराच्या उतारावरची कुणालाच नको असलेली दगडाळ जमीन त्याने विकत घेतली, बांध घातले, अंजीर लावलं, द्राक्षाचे वेल चढवले, कडेला डाळिंब. घरात दोन मुली झाल्या.

एवढं सगळं झालं, आणि तरी एक गोष्ट राहिली.

पहिल्या फळांची टोपली वेदीपुढे न्यायची तर नुसती ठेवून यायची नसते. टोपली खांद्यावर घेऊन याजकासमोर उभं राहायचं आणि काही ठरलेली वाक्यं म्हणायची: आपला मूळपुरुष कसा दारोदार भटकणारा होता, मूठभर माणसं घेऊन मिसर देशात कसा गेला, तिथे त्याच्या वंशाला कसं राबवलं, देवाने त्यांना कसं सोडवलं आणि आपल्या पूर्वजांना शपथेवर कबूल केलेली ही जमीन कशी दिली. ज्यांना पाठ नसायचं ते लाजेने यायचेच बंद झाले होते. म्हणून मग याजकानेच सगळ्यांना आधी म्हणून दाखवायचं आणि माणसाने मागोमाग म्हणायचं, अशी पद्धत पडली. कुणाला येतं, कुणाला नाही, हे कळायचं कारण उरलं नाही.

अदाया पहिल्यांदा टोपली घेऊन निघाला तेव्हा गावचा वडीलधारा मल्लूख त्याला बाजूला घेऊन म्हणाला होता, "टोपली दे, नमस्कार कर, ये. बोलायचं तेवढं नाही."

"का?"

"त्यात आमचे पूर्वज असं येतं. आमच्या पूर्वजांना देवानं जमीन कबूल केली, असं. ती कबूल केली तेव्हा तुझे पूर्वज कुठं होते?"

"उंटावर," बाजूला उभा असलेला बुक्की म्हणाला. हा गावचा बासरीवाला. त्याला गप्प राहणं जमायचं नाही.

सगळे हसले. अदायाही हसला. मल्लूख वाईट माणूस नव्हता. पेरणीच्या वेळी त्याने स्वतःचे बैल अदायाला दिले होते, मोबदला न घेता. शास्त्र्यांकडून जे ऐकलं ते तो पाळायचा आणि दुसऱ्यांना पाळायला लावायचा, एवढंच. वेदीजवळ अदायाची पाळी आली की तो पुढे होऊन याजकाच्या कानात सांगायचा, हा बाहेरचा आहे. याजक टोपली घ्यायचा. अदाया वाकायचा आणि तोंड न उघडता बाहेर यायचा.

त्यावरून गावातल्या पोरांनी त्याला मुका म्हणायला सुरुवात केली. पुढे मोठ्यांच्या तोंडीही तेच बसलं.

"मी तरी तिथं कुठं काय बोलते?" तिर्सा एकदा म्हणाली होती. "बायकांनी म्हणायचंच नसतं. मला कुणी मुकी म्हणत नाही."

"तुला मुकी म्हणायची गावात कुणाची छाती आहे?" अदाया म्हणाला, आणि ते हसण्यावारी गेलं.

या वर्षी मात्र ते हसण्यावारी गेलं नाही. जव कापणीच्या सुमारास त्याचा धाकटा भाऊ हारिसू तकोव्यात आला. उंटावरून उतरला नाही. बाप गेल्याची बातमी त्याने वरूनच सांगितली.

"काही बोलले?" अदायाने विचारलं.

"शेवटी सगळ्यांची नावं घेतली. पोरांची, नातवांची, उंटांचीसुद्धा घेतली." हारिसूने लगाम आवळला. "तुझं नाही घेतलं."

अदायाने उंटाच्या मानेवर हात ठेवला.

"आमच्यात आता तुझी गणती नाही, दादा. बापाच्या आठवणीच्या पंगतीला तुझं पान मांडायचं नाही, असं ठरलंय. मला वाईट वाटतं. पण तूच गेलास."

तिर्साने आतून सुक्या अंजिरांची चळत आणून दिराच्या हातात दिली. त्याने ती घेतली, कपाळाला लावली आणि उंट वळवला.

त्या रात्री जेवताना अदाया म्हणाला, "तिकडे बाप गेला. इकडे पूर्वज मिळत नाहीत."

तिर्साच्या हातातली भाकरी तशीच राहिली.

"या वर्षी मी विचारणार आहे," तो म्हणाला. "याजकाला. सरळ. मला म्हणता येईल का, म्हणून."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर नाही."

"तर नाही, इतकं सोपं नाहीये ते." तिर्साने भाकरी खाली ठेवली. "आता तुम्ही गप्प असता. लोकांना वाटतं, रीत आहे. पण तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत आणि तिथून, वेदीजवळून, नाही आलं, तर मग ती रीत राहत नाही. मग ते तुमच्यावर उमटतं. कायमचं. मुलींवरसुद्धा."

"ठाऊक आहे."

"मग?"

"मग विचारल्याशिवाय मला राहवणार नाही."

तिर्साने उरलेली भाकरी त्याच्या पानात वाढली. मग म्हणाली, "टोपली यंदा मी विणते. तुमची विण सैल असते. निदान टोपलीला तरी नावं ठेवायला नकोत."

तिने वाळुंजाच्या फोका सोलून पांढऱ्याशुभ्र केल्या आणि अशी घट्ट टोपली विणली की पाणी घातलं तरी गळलं नसतं. खाली गहू, वर डाळिंबं, त्यावर अंजिरं, आणि काठावरून लोंबणारे द्राक्षांचे घड. दोन्ही बाजूंना पारव्यांची जोडी बांधली.

आसपासच्या गावांचे लोक बेथलेहेमच्या चौकात जमले. कुणाच्या घरात शिरायचं नाही, उघड्यावरच पथाऱ्या टाकायच्या, अशी पद्धत. पहाटे म्होरक्याने हाक दिली, उठा, देवाच्या घरी जायचं आहे, आणि सगळा चौक एकदम उठून बसला. पुढे बैल, शिंगांना सोन्याचा मुलामा, डोक्यावर जैतुनाच्या डहाळ्यांचा मुकुट. त्याच्यामागे बुक्की आणि इतर गावांचे बासरीवाले, आणि त्यांच्यामागे खांद्यांवर टोपल्या घेतलेली माणसं आणि त्यांच्या बायका.

बैल मान वळवून स्वतःचाच मुकुट खाऊ पाहत होता. बुक्की बासरी काढून त्याला म्हणाला, "अरे, पोचू तरी दे. आत्ताच राज्य सोडतोस?"

अदाया मल्लूखच्या बरोबरीने चालत होता. आडून काही करायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. वाट जरा सपाट झाली तसा तो म्हणाला, "मल्लूखदादा, आज याजकाच्या कानात काही सांगू नका. मी स्वतः बोलणार आहे."

"काय बोलणार?"

अदायाने सांगितलं.

मल्लूख चालता चालता थांबला. मागचे त्याच्यावर आदळता आदळता राहिले. "वेड लागलंय का तुला? शास्त्र्यांनी सांगितलंय ना?"

"तुमच्या शास्त्र्यांनी सांगितलंय. दुसरे वेगळं सांगतात म्हणे."

"दुसरे! मागं रांग असते, याजक ऊन खाऊन वैतागलेला असतो. त्यानं चिडून तुझी टोपलीच परत केली, तर? तकोव्याची टोपली आजवर परत आलेली नाही."

"मग मी परत आणीन. तुमचं नाव सांगणार नाही."

"माझं नाव काय सांगायचंय? गावाचं नाव जातं त्याचं काय?" मल्लूख पुन्हा चालू लागला. थोडं अंतर गेल्यावर, अदायाकडे न बघता म्हणाला, "टोपली डाव्या खांद्यावर घे. उजवा खांदा तुझा उतरलाय."

यरुशलेमच्या वेशीत शिरले तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे कारागीर हातातलं काम टाकून उभे राहिले. सुतार, चांभार, सोनार. मोठमोठे विद्वान समोरून गेले तरी हे लोक कामावरून उठत नसत, पण टोपल्यांसाठी उठायचे. "तकोव्याच्या भावांनो, सुखाने आलात ना?" एका कुंभाराने विचारलं. त्याचे हात कोपरापर्यंत मातीने भरले होते. तो अदायाच्या टोपलीकडे बघून म्हणाला, "भाऊ, अंजिरं काय सुरेख आहेत."

"आमच्या उतारावरची," अदाया म्हणाला. तिर्साने त्याच्याकडे चमकून बघितलं. एवढ्या वर्षांत मिरवणुकीत तो कुणा अनोळख्याशी बोललेला तिने पाहिला नव्हता.

मोठ्या अंगणात ती कमरेएवढी भिंत आली. अलीकडे काही परदेशी व्यापारी हात मागे बांधून बघत उभे होते. त्यांतला एक नबाती लोकांसारखा वेष केलेला होता. अदायाने त्याला मान लवून नमस्कार केला आणि भिंतीतल्या वाटेने आत गेला. बायकांच्या अंगणात तिर्सा थांबली. बायकांना इथून पुढे जाता यायचं नाही. तिने टोपलीवरचा एक घड उगाचच सरळ केला.

"मोठ्यानं बोला," ती म्हणाली. "विचारायचंच आहे तर पुटपुटू नका."

पायऱ्या चढून तो आतल्या अंगणात आला, तसं लेव्यांचं गाणं अंगावर आलं. पुढे वेदी, पांढरी, उतार असलेली, वर धूर. आणि धुराच्या मागे ते उंच घर, ज्याच्या पोटात ती खोली होती.

रांग सरकत होती. पुढचा माणूस याजकामागोमाग म्हणत होता, अडखळत, एकेक शब्द गिळत. अदायाचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. इतकी वर्षं तो गप्प उभा राहून हेच ऐकत आला होता. त्या माणसाने एक वाक्य गाळलं, ते अदायाला कळलं. मग त्याची पाळी आली.

याजक म्हातारा होता. भुवया पांढऱ्या, कानात केस. त्याने सवयीने टोपलीखाली हात घातला आणि पहिलं वाक्य म्हणायला तोंड उघडलं.

"बाबा," अदाया म्हणाला, "आधी मला काही विचारायचंय."

"काय? मोठ्यानं बोल."

"मी बाहेरून आलोय. नबात्यांचा मुलगा. सुंता झाली, बुडी घेतली, अर्पण केलं. जमीन माझी आहे, झाडं मी लावलीत. दरवर्षी टोपली आणतो आणि न बोलता परत जातो. मला हे म्हणता येईल का?"

मागची माणसं माना उंचावून बघू लागली. मग कुणीतरी म्हणालं, "पुढं सरका, ऊन चढतंय." मल्लूख दोन पावलं पुढे आला. चेहरा लाल झाला होता.

"माफ करा बाबा, आमच्याच गावचा आहे. चांगला माणूस आहे, पण... आमच्या शास्त्र्यांचं म्हणणं आहे की यानं आणावं, म्हणू नये. आमचे पूर्वज असं यानं म्हटलं तर ते खोटं होईल. आणि इथं, वेदीपुढं खोटं..."

"ठाऊक आहे मला ते मत," याजक म्हणाला. त्याने टोपलीखालचा हात काढला नाही. "दुसरंही एक मत आहे. तेही ठाऊक आहे. दोन्हीकडं शहाणी माणसं आहेत आणि माझ्या बापाच्या काळापासून भांडतायत." तो मल्लूखकडे वळला. "याचं नाव काय?"

"अदाया."

"नुसतं अदाया? सभास्थानात प्रार्थनेला याला उभं करता तेव्हा पूर्ण नाव घेता ना? लग्न लावलंत तेव्हा साक्षीला कोण होतं?"

"मीच होतो."

"मग काय नाव घेतलंत?"

मल्लूखने सांगितलं, "अब्राहामाचा मुलगा अदाया." अब्राहाम हा सगळ्यांचा आद्य पूर्वज, आणि बाहेरून आलेल्या प्रत्येकाला त्याचाच मुलगा म्हणायची रीत होती. सांगून झाल्यावर तो स्वतःच थबकला.

"बघ," म्हातारा म्हणाला. आवाजात राग नव्हता. "गावात रोज हाक मारताना याला बाप देता. आणि देवाच्या घरी आणलं की काढून घेता?"

रांगेत कुणीतरी हसलं. मल्लूखने मागे वळून त्याच्याकडे बघितलं, तसं हसू थांबलं. "पण बाबा," तो हळू आवाजात म्हणाला, "याचा खरा बाप तर मूर्तिपूजक होता."

"अब्राहामाचा खरा बाप कोण होता रे?"

मल्लूखने कपाळावरचा घाम पुसला.

"त्याच्या बापाच्या घरीही मूर्तीच होत्या. घर सोडलं, बाप सोडला, तंबू घेऊन वाट फुटेल तिकडं निघाला. बाहेरून आलेला पहिला माणूस तोच." याजक अदायाकडे वळला. त्याचे डोळे पाणावलेले होते, की धुराने चुरचुरत होते, ते कळत नव्हतं. "तुझा बाप जिवंत आहे?"

"या वर्षी गेला."

"तुला क्षमा केली?"

अदायाने मान हलवली. नाही.

"अब्राहामाचाही तसाच गेला असेल. कुणी लिहून ठेवलं नाही म्हणून काय झालं." याजकाने टोपलीखाली हात नीट बसवला. "लेकरा, या घराच्या आत मूर्ती नाही. का नाही, विचार केलायस कधी?"

"खूप वर्षं."

"मूर्ती असती तर ती कुणाची तरी असती. या गावची, त्या घराण्याची. इथं जो आला आणि ज्यानं आपलं पहिलं फळ समोर धरलं, त्याचं हे घर. आज टोपली माझ्या हातात आहे, तेव्हा मत माझं. म्हण."

त्याने पहिलं वाक्य सुरू केलं. अदायाने थांबून ऐकलं नाही. याजकाच्या आधीच त्याच्या तोंडून ते निघालं.

दारोदार भटकणारा पूर्वज, हे म्हणताना त्याला उंटांच्या घंटा ऐकू आल्या. मिसराकडे जाणारी ती वाट तांड्याबरोबर त्याने स्वतः तुडवली होती. मूठभर माणसं म्हणजे किती, हे त्याला कळत होतं. उन्हात राबणं, हाका मारणं, आणि हाक ऐकली जाणं, यातलं काही त्याला कल्पनेने आणावं लागलं नाही. याजक गप्प झाला होता, फक्त मान डोलवत होता. अदायाचा आवाज वर चढत गेला. तो कधी गाणारा नव्हता. पण वाळवंटात एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवरच्या माणसाशी बोलायची त्याला लहानपणापासून सवय होती, आणि तोच आवाज आता बाहेर पडला. लेव्यांतले दोघे-तिघे गाता गाता वळून बघू लागले.

मग ते वाक्य आलं. आमच्या पूर्वजांना.

तो ते म्हणाला. अडखळला नाही. घरातल्या माणसाचं नाव घ्यावं तितक्या सहज तो ते म्हणाला आणि पुढे गेला. शेवटी, देवा, तू मला दिलेल्या जमिनीचं हे पहिलं फळ मी आणलं आहे, असं म्हणताना त्याने टोपली खांद्यावरून उतरवली, काठ धरला, याजकाने खालून धरली, आणि दोघांनी मिळून ती हवेत हलवली. द्राक्षांचे घड डुलले. मग त्याने ती वेदीजवळ ठेवली आणि कपाळ जमिनीला टेकवलं.

उठला तेव्हा रांगेतल्या एका अनोळखी माणसाने त्याची बाही धरली. दमास्कसच्या बाजूचा, गव्हाची मोठी टोपली घेतलेला. "तुला म्हणू दिलं?" त्याने हळूच विचारलं. "मीही बाहेरचाच आहे."

"मला काय विचारतोस?" अदाया म्हणाला. "पुढं हो. मोठ्यानं विचार, त्यांना कमी ऐकू येतं."

पायऱ्या उतरून तो बायकांच्या अंगणात आला तेव्हा तिर्सा खांबाला टेकून उभी होती. डोळे पुसून झाले होते, पण नाक लाल होतं.

"आवाज आला," ती म्हणाली. "सगळ्यांना आला. शेजारची बाई म्हणाली, हा कोण एवढा ओरडतोय? म्हटलं, आमचे हे."

"म्हणू दिलं."

"कळलं. पण शब्द नीट नाही कळले मला. गाण्यात बुडाले." तिने पदर सावरला. "मला पुन्हा म्हणून दाखवा."

"इथं?"

"इथं. मी काय घरी जाईपर्यंत थांबू?"

तो पायरीवर उभा राहिला आणि पुन्हा म्हणू लागला. तकोव्याचे लोक एकेक करून पायऱ्या उतरत होते. ते थांबले. इतर गावांचे थांबले. बुक्की बासरी काखेत मारून उभा राहिला, आणि यावेळी त्याला काही बोलायचं सुचलं नाही. शेवटी मल्लूख खाली आला, घामाने निथळत. गर्दीत शिरून अदायाच्या शेजारच्या पायरीवर येऊन उभा राहिला. ते वाक्य जवळ आलं होतं. मल्लूखने खोकून घसा साफ केला, आणि आपल्या जाड्याभरड्या आवाजात अदायाच्या बरोबरीने ते म्हटलं. आमच्या पूर्वजांना. मग पुढचंही म्हटलं, आणि त्याच्यामागोमाग तकोव्याची सगळी माणसं म्हणू लागली, बायकाही, ज्यांनी कधी म्हणायचं नसतं त्या.

तिर्सा सगळ्यात मोठ्याने म्हणत होती.